चाळिशीचा चष्मा हे अवजारच

चाळिशीनंतर डोळ्यातले भिंग ताठर होत जाते. फवारणीच्या औषधाच्या बाटलीवरची बारीक अक्षरे मग हात लांब करूनही लागत नाहीत. म्हणून वर्धा जिल्ह्यातल्या कपाशी-सोयाबीनवाल्या शेतकऱ्याने जवळचा चष्मा विळ्या-खुरप्यासारखा अवजारांत धरावा. पुरावा आसामचा आहे. चहामळ्यांतल्या ७५१ मजुरांवर झालेली, २०१८ साली प्रसिद्ध झालेली चाचणी सांगते, की चष्मा मिळालेल्यांची पानतोडणी इतरांपेक्षा सुमारे २२ टक्क्यांनी अधिक वाढली. कापूसवेचणी वेगळी, हे मान्य. पण हाताजवळचे नीट दिसण्याची गरज तीच. ‘चष्म्याने नंबर वाढतो’ ही भीती तर निव्वळ गैरसमज, कारण भिंग चष्म्याविनाही ताठरतच राहते. चाळिशी उलटली की सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात किंवा जवळच्या नेत्रतज्ज्ञाकडे डोळे तपासून घ्या. लपलेला काचबिंदूही त्यात सापडू शकतो.