गीतरामायणांतील दोन वनवास

वनवासाच्या कथेंत सर्वांत मोठें दुःख वनांत जाणाऱ्याचेंच असावें, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गीतरामायण लक्षपूर्वक ऐकणाऱ्यास मात्र कांहीं निराळें आढळतें.

ग. दि. माडगूळकर यांचीं पदें व सुधीर फडके यांच्या चाली यांतून सिद्ध झालेली ही गीतमाला पुणें आकाशवाणीनें १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, सुरू केली. मूळ कल्पना केंद्रावरील अधिकारी सीताकांत लाड यांची. आठवड्यास एक गीत, असा वर्षभराचा हा क्रम होता. त्या वर्षीं अधिक मास आल्यामुळें गीतांची संख्या ५६ झाली.

या मालेंत बहुतेक प्रत्येक गीत कोणा एका पात्राचें मनोगत असतें. त्यामुळें वनवासाचें दुःखही अनेकांत वांटलें जातें. अयोध्येचे नागरिक सुमंतास रथ थांबविण्याविषयीं विनवितात. दशरथ पुत्रविरहानें प्राण सोडतो. भरत जन्मदात्रीचाच धिक्कार करतो. राम मात्र चित्रकूटावर भरताची समजूत घालतो कीं, मनुष्याच्या हातीं फार थोडें असतें. त्या गीताची चाल यमनाच्या अंगाची, संथ आहे. घर ज्याचें सुटलें तो शांत आणि घरीं राहिलेले व्याकूळ, असें हें चित्र आहे.

शेवटीं तें पालटतें. गर्भवती सीता डोहाळे सांगतांना पुनः वनाचीच ओढ व्यक्त करते. लगेच पुढच्या, पंचावन्नाव्या गीतांत लक्ष्मण तिला वनांत सोडावयास आलेला असतो, आणि आतां जावें कोठें, हें ती त्यालाच विचारते. पहिल्या वनवासास चौदा वर्षांची मुदत होती, पतीची सोबत होती, परतावयास अयोध्या होती. दुसऱ्यास यांपैकीं कांहींच नाहीं. तिच्या प्रश्नास उत्तर देणारें गीतही येत नाहीं. येतो तो वाल्मीकींचा कुश-लवांस उपदेश: जा, रामापुढें रामायण गा.

मालेचें पहिलें गीत तें हेंच गायन. शेवट असा आरंभास येऊन मिळतो, आणि भूप रागांतील त्या प्रसन्न गीताचा अर्थ गहिरा होतो. गाणारे पुत्र, ऐकणारा पिता, परंतु दोघांसही एकमेकांची ओळख नाहीं. आणि माता दूर आश्रमांत आहे. घरोघरीं हें गीत मंगल म्हणून ऐकलें जातें, आणि तें मंगल आहेच. मात्र गाणारीं मुलें घराबाहेर काढलेल्या आईचीं आहेत, हें ध्यानांत ठेवून ऐकावें.