घरातली चिलटं आणि मोरीतल्या माश्या : बागेचं औषध घरात आणू नका



पाऊस सुरू झालाय, आंबा आवरत आला, घराघरात फणस कापले जातायत. आणि गेले काही दिवस ऑफिसच्या फोनवर एकच प्रश्न फिरून फिरून येतोय. "घरात बारीक माश्या फार झाल्यात. बागेत मारून उरलेलं औषध मोरीत ओतलं तर चालेल का?"

*नाही चालणार.* थोडंसंसुद्धा नाही, पातळ करूनसुद्धा नाही.

पिकाचं औषध उघड्या बागेत, ठरावीक मात्रेत मारण्यासाठी असतं. फवारणीनंतर किती दिवस फळ तोडायचं नाही हे लेबलवर लिहिलेलं असतं. स्वयंपाकघरात असे थांबायचे दिवस कुठून आणणार? भाकरी त्याच ओट्यावर थापायची असते, पोरं त्याच फरशीवर रांगतात. बंद खोलीत औषधाची वाफ कोंडून राहते. मोरीचं पाणी मागीलदारी केळीला, अळवाला जातं, आणि कित्येकांची विहीर तिथून हाकेच्या अंतरावर आहे. काहींच्या माळ्यावर डायक्लोरव्हॉसचा जुना डबा अजून असेल. "घरातल्या माश्यांना हेच मारायचो पूर्वी" असं ऐकायला मिळतं. त्या औषधावर ३१ डिसेंबर २०२० पासून देशात पूर्ण बंदी आहे. तो डबा उघडू नका, गटारात किंवा विहिरीजवळ रिकामा करू नका. कुलपात ठेवा आणि पुढे काय करायचं ते तालुका कृषी कार्यालयात विचारा.

एवढा धोका पत्करून काम तरी होतं का? तेही होत नाही. उडणाऱ्या माश्या मरतात, चार दिवसांनी तितक्याच परत दिसतात, कारण अळ्या जिथे आहेत तिथे औषध पोचलेलंच नसतं. मग माणूस दुसऱ्यांदा मारतो, जरा जास्त मारतो. भीती याचीच आहे.

*आधी माशी ओळखा*

घरात "बारीक माशी" म्हणून जे दिसतं ते बहुतेक वेळा दोनांपैकी एक असतं.

पहिलं चिलट. तिळापेक्षा थोडं मोठं, पिवळसर तपकिरी, नीट बघितलं तर डोळे लाल. केळ्याच्या घडावर, आंब्याच्या आढीवर, उष्ट्या ताटाभोवती, ताकाच्या भांड्यावर घिरट्या घालतं. याला फळ लागतं असं नाही, *आंबणारी कुठलीही गोष्ट* लागते. (शास्त्रज्ञ याला ड्रोसोफिला म्हणतात. आनुवंशिकतेचं सुरुवातीचं बरंच संशोधन याच चिलटावर झालं आणि त्यासाठी थॉमस मॉर्गन यांना १९३३ साली नोबेल मिळालं. प्रयोगशाळेत हेच चिलट का निवडलं? कारण ते बाटलीत भराभर वाढतं. आपली अडचण नेमकी तीच आहे.)

दुसरी मोरीतली माशी. काळपट राखाडी, अंगावर आणि पंखांवर लव, बसली की छोट्या पतंगासारखी दिसते. फार उडत नाही. न्हाणीघराच्या भिंतीवर, सिंकच्या वरच्या फरशीवर बसून राहते, हात नेला की थोडी उडून परत तिथेच. चिरडली तर भिंतीवर राखेसारखा डाग पडतो.

दोन्ही चावत नाहीत. पण मोरीत बसलेली माशी अन्नावर बसली की पायाला लागलेली घाण घेऊनच येते, आणि मेलेल्या मोरीमाश्यांचा भुगा हवेत मिसळला की दम्याच्या माणसाला त्रास होऊ शकतो. तेव्हा घालवायला हव्यातच.

तिसरी एक गोष्ट इथेच सांगून टाकू. *घरातलं चिलट म्हणजे बागेतली फळमाशी नव्हे.* बागेतली मोठी असते, साधारण घरमाशीएवढी. ती झाडावरच्या चांगल्या, पिकायला आलेल्या फळात सालीखाली अंडी घालते. २०१४ साली युरोपीय संघानं भारतातला आंबा काही महिने बंद केला होता तो त्या फळमाशीमुळे, चिलटामुळे नाही. म्हणून बागेतला रक्षक सापळा आणून स्वयंपाकघरात टांगू नका. त्यातल्या मिथाईल युजेनॉलच्या वासाला बागेतल्या फळमाशीचे नर येतात, चिलट त्याकडे ढुंकून बघत नाही. शिवाय सापळ्यातल्या ठोकळ्याला बऱ्याचदा कीटकनाशक लावलेलं असतं. वेलवर्गीय भाज्यांच्या क्यू ल्युअरचंही तसंच.

*चिलटं : उडणारी मारण्याआधी आंबलेलं शोधा*

उष्ण हवेत चिलटाचं अंड्यापासून माशीपर्यंतचं चक्र आठ-दहा दिवसांत पुरं होतं. एक मादी तिच्या आयुष्यात काहीशे अंडी घालते. म्हणजे आज बटाट्याच्या टोपलीत तळाला एक सडका बटाटा राहिला, तर पुढच्या आठवड्यात घरभर चिलटं. वरवर टोपली चांगली दिसते, हे लक्षात घ्या. टोपली पूर्ण ओतून बघायची.

आपल्याकडे या दिवसांत पहिला संशय आढीवर घ्या. वरचे आंबे पिवळे धमक असतात आणि खाली पेंढ्यात एखादा देठाकडून काळा पडून पाझरत असतो. रस पेंढ्याला लागला की आंबा काढला तरी पेंढा आंबत राहतो. आढी रोज उकलून बघा, डागी फळ बाहेर काढा, ओला झालेला पेंढाही काढा. हंगाम संपल्यावर "पुढच्या वर्षी होईल" म्हणून तोच पेंढा खाटेखाली ठेवू नका.

मग फणसाच्या चारखंडाचा ढीग. तो दाराशी एक रात्रही ठेवू नका, गुरांना घाला नाहीतर लांब खड्ड्यात टाकून माती ओढा. याशिवाय न दिसणाऱ्या जागा आहेत : कचऱ्याच्या डब्याचा तळ (पिशवी बदलतो, डबा धुवत नाही), ओलं राहिलेलं फरशी पुसायचं फडकं, गॅसच्या सिलिंडरखालची जागा, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, न विसळलेल्या दुधाच्या पिशव्या, सरबताच्या आणि दारूच्या रिकाम्या बाटल्या. एका बाटलीत तळाला चमचाभर उरलेलं असलं तरी अळ्यांना पुरतं.

हे सगळं काढल्यावर, उरलेल्या उडत्या चिलटांसाठी *ग्लासचा सापळा* लावा. काचेच्या ग्लासात दोन-तीन चमचे व्हिनेगर घ्या. व्हिनेगर नसेल तर दोन दिवस ठेवून आंबवलेलं गुळाचं पाणी आणि पिकल्या केळ्याचा तुकडा. काजूच्या हंगामात बोंडाचा आंबलेला रस यापेक्षा भारी. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे एक-दोन थेंब *टाकाच*. नुसत्या पाण्यावर चिलट बसून परत उडतं, साबणामुळे ते बुडतं. वर कागदाचं नरसाळं बसवा, खाली पेन्सिल जाईल एवढंच भोक. ग्लास फळांच्या जवळ ठेवा आणि दोन दिवसांनी पाणी बदला. नाही बदललं तर तुमच्या सापळ्यातच अळ्या होतील. आणि टोपलीतला सडका बटाटा तसाच ठेवून नुसता सापळा लावला तर काहीही होणार नाही.

*मोरीतली माशी : घाण पाण्यात नाही, पाइपाच्या भिंतीवर आहे*

मोरीच्या पाइपात, जाळीच्या खालच्या बाजूला, साबण, तेल, केस, भाताची पेज यांचा एक बुळबुळीत थर साचतो. माशी त्यात अंडी घालते. दोन दिवसांत अळ्या निघतात आणि साधारण दोन आठवडे त्या थरातच खात राहतात. त्यांच्या शेपटाकडे श्वासाची नळी असते, तेवढी वर ठेवून बाकी अंग थरात बुडवून राहतात. म्हणून वरून फिनेल ओता, रॉकेल ओता, गरम पाणी ओता, ते थराच्या अंगावरून वाहून जातं आणि बऱ्याच अळ्या जिवंत राहतात. वास जातो, त्यामुळे काम झाल्यासारखं वाटतं एवढंच. रॉकेल तर ओतूच नका.

घरात मोरी, सिंक, न्हाणी अशी दोन-तीन भोकं असतात. नेमकी कुठली, ते आधी बघून घ्या. रात्री निजायच्या वेळी जाळी कोरडी करा आणि तिच्यावर पारदर्शक चिकटपट्टी, चिकट बाजू खाली, अशी लावा. सगळी जाळी झाकू नका, हवेला थोडी जागा ठेवा. सकाळी माश्या चिकटलेल्या दिसल्या तर तीच जागा. एका रात्रीत काही दिसलं नाही म्हणून सोडू नका, तीन-चार रात्री लावून बघा.

जागा सापडली की काम हातानेच करायचंय. जाळी काढा. खाली वाटीसारखा भाग असतो (प्लंबर त्याला नहाणी ट्रॅप म्हणतात), निघत असेल तर तोही काढा. बाटली धुवायचा लांब ब्रश किंवा जुना तारेचा ब्रश घेऊन पाइपाच्या आतल्या भिंती जितक्या खोल पोचेल तितक्या घासा. जाळीची खालची बाजू, कडेच्या फरशीतल्या फटी जुन्या टूथब्रशने घासा. मग बादलीभर गरम पाण्यात मूठभर धुण्याचा सोडा विरघळवून हळूहळू ओता, आणि वरून दोन बादल्या साधं पाणी जोरात सोडा. हातमोजे घाला, सोड्यानं हात जळजळतात. पाणी उकळतं नको, पीव्हीसीचा पाइप त्यानं मऊ पडून वाकतो.

पहिला आठवडा दर दोन-तीन दिवसांनी हे करा. त्यानंतर आठवड्यातून एकदा पुरे. दुकानात जिवाणूंचं ड्रेन क्लीनर मिळतं, तेही चालतं, घासल्यानंतर रात्री घालून ठेवायचं.

मोबाइलवर खाण्याचा सोडा आणि व्हिनेगरचा फेस दाखवतात. फेस छान येतो. पण दोन्ही एकमेकांना मारतात आणि मागे जवळजवळ पाणीच उरतं. घासण्याला तो पर्याय नाही.

*एक गोष्ट जिवावरची :* संडास साफ करायचं आम्लाचं लिक्विड आणि ब्लिचिंग पावडर कधीही एकत्र ओतू नका, एकामागोमाग एकही नाही. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि लहान न्हाणीघरात माणूस गुदमरतो. शिवाय ब्लिचिंग जास्त गेलं तर सेप्टिक टाकीतले कामाचे जिवाणू मरतात.

चाकरमान्यांची जी घरं वर्षातले दहा महिने बंद असतात, त्यांच्या किल्ल्या आपल्यापैकी अनेकांकडे आहेत. तिथे पाइपातलं पाणी आटतं आणि शोषखड्ड्यातून, गटारातून माशी सरळ घरात येते. गणपतीला लोक आले की भिंती काळ्या. महिन्यातून दोनदा जाऊन प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी ओता. वरून चमचाभर खाण्याचं तेल टाकलं तर पाणी लवकर आटत नाही. शोषखड्ड्याचं झाकण फुटलं असेल तर तेही बसवून घ्या.

*घरी माल करणाऱ्या भगिनींसाठी*

अमृत कोकमाच्या बरण्या, फणसपोळीची ताटं यांवर भाजी झाकायची जाळी ठेवता ना? तिच्या भोकांतून चिलट आरामात आत जातं. धुतलेलं मलमलचं कापड, दुहेरी, रबरानं घट्ट बांधा. साखर-रसाचा ओघळ बरणीच्या बाहेर आला असेल तर लगेच ओल्या कापडानं पुसा. बाटलीत एक चिलट तरंगताना दिसलं की गिऱ्हाईक पूर्ण पेटी परत पाठवतं, आणि ते बरोबरच आहे. माल करायच्या खोलीत उडत्या माश्यांचा फवारा मारू नका, घरगुती वापराचा असला तरी.

आंबा कापल्यावर आत उड्या मारणाऱ्या पांढऱ्या अळ्या दिसल्या तर त्या बागेतल्या फळमाशीच्या. ते फळ उकिरड्यावर फेकू नका. जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून उन्हात ठेवा किंवा दोन फूट खोल पुरा, नाहीतर अळी मातीत जाऊन कोष करते आणि माशी पुन्हा बागेत येते.

*किती दिवस लागतील?*

पहिल्या दिवशी सगळं साफ केलं तरी उडत्या माश्या लगेच संपणार नाहीत. आधीच्या अळ्या-कोषांतून थोड्या निघत राहतात, मोरीमाशी स्वतःही दोनेक आठवडे जगते. म्हणून दोन ते तीन आठवडे धीर धरा. तीन आठवड्यांनंतरही संख्या तेवढीच असेल तर एक जागा राहिलीय असं समजा. ती बहुतेक फरशीखाली फुटलेला पाइप असते, मग प्लंबरला बोलवा.

कुणाच्या घरी आधीच शेतीचं औषध मारून झालं असेल, तर दारं-खिडक्या उघडा, मुलांना आणि म्हाताऱ्यांना बाहेर न्या, उघडं अन्न फेकून द्या. चक्कर, मळमळ, तोंडाला लाळ, घाम, धूसर दिसणं, दम लागणं यातलं काहीही जाणवलं तर कपडे बदला, अंग साबणानं धुवा आणि *१०८ ला फोन करा*. उलटी काढायचा प्रयत्न करू नका. औषधाची बाटली लेबलसकट दवाखान्यात न्या, डॉक्टरांना नाव कळलं की उपचार लवकर सुरू होतात.

माशी ओळखता येत नसेल तर चिकटपट्टीवर चिकटलेलीचा जवळून फोटो काढून ग्रुपवर टाका. शेजारी काडेपेटीची काडी ठेवा, म्हणजे आकार कळेल.