शीर्षप्रहेलिका : १९४ अंकी संख्या आणि वहीचा ताळा

बेगम बाजारातील पेढ्यांवर लाख-कोटींचे आकडे नित्याचे आहेत. परंतु जैन आगमांनी जिला नाव दिले अशी एक संख्या आहे की, जिच्यापुढे कोटीही कवडीमोल ठरावी. तिचे गुणधर्म आम्ही येथे सभासद बंधुभगिनींपुढे मांडीत आहोत.

अनुयोगद्वारसूत्रातील कालगणना ८४ लाखांच्या पायऱ्यांनी चढते. ८४ लाख वर्षांचे एक पूर्वांग, ८४ लाख पूर्वांगांचे एक पूर्व. याच रीतीने त्रुटितांग, त्रुटित अशी नामे घेत अठ्ठाविसाव्या पायरीवर शीर्षप्रहेलिका येते. गणिताचा विषय येथवर. त्यापुढील काळ पल्योपम, सागरोपम अशा उपमांनीच सांगितला आहे.

८४ लाख २८ वेळा मांडून परस्परांशी गुणले असता ५४ अंक व त्यांवर १४० शून्ये येतात. ते ५४ अंक असे :

७५८ २६३ २५३ ०७३ ०१० २४१ १५७ ९७३ ५६९ ९७५ ६९६ ४०६ २१८ ९६६ ८४८ ०८० १८३ २९६

८४ म्हणजे २ × २ × ३ × ७. म्हणून या संख्येस २, ३, ५ व ७ यांवाचून अन्य मूळ अवयव नाही. १ ते १० पर्यंतच्या प्रत्येक संख्येने ती निःशेष भागली जाते; ११ ने वा १३ ने नाही. ती पूर्ण वर्गही आहे; तिचे वर्गमूळ म्हणजे ८४ लाखांचा चौदावा घात.

आता, उतरून घेतलेले हे अंक बिनचूक कशावरून? प्रथम नवाचा ताळा पाहावा. सर्व अंकांची बेरीज २५२, म्हणजे ९ × २८. ताळा जुळला, पण तेवढ्याने भागत नाही. दुसऱ्या गटात २६३ च्या जागी २३६ पडले तरी बेरीज तीच राहते, कारण फरक २७ चा, म्हणजे नवाच्याच पटीचा. म्हणूनच तेरीज जुळेना आणि फरकास ९ ने भाग जात असेल, तर जाणता मुनीम आधी अंकांची उलटापालट शोधतो.

दुसरा ताळा साताचा. १००१ ला ७ ने भाग जातो. त्यामुळे उजवीकडून एक गट मिळवावा, पुढचा वजा करावा : २९६ − १८३ + ८० − ८४८, असे शेवटपर्यंत. बाकी ५८१ उरते, म्हणजे ७ × ८३. वरील चूक झाली असती तर ५५४ उरले असते आणि ७ ने भाग गेला नसता. नवाच्या नजरेतून सुटलेली चूक साताने पकडली. हैदराबादेस साताचा हिशेब परका नाही. हाली सिक्क्याचे ७ रुपये म्हणजे कलदार ६, हा दर संस्थानकाळी येथे चालत असे.

या विद्येचा वारसाही आपल्या निकटचा आहे. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळी, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ रचून संख्येच्या २४ स्थानांना नामे दिली. त्या राजाची राजधानी मान्यखेट, म्हणजे मळखेड, १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होती.

हे दोन्ही ताळे घरोघरी मुलांकडून कागदावर करवून घ्यावेत, अशी आमची विनंती आहे. वही लहान असो वा संख्या १९४ अंकी, एकाच ताळ्यावर विसंबू नये, हा धडा त्यांना जन्मभर उपयोगी पडेल.