मोजायला एक माणूस हवा

हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर पहिल्यांदा जाऊन आलो, तेव्हा कॅमेऱ्यात दीडेकशे फोटो होते आणि ते पाहायला घरात एकटी मावशी. चार-पाच फोटो झाल्यावर तिने विचारलं, "हा खड्डा कुठला रे? रस्त्याचं काम चाललंय का?" मला रागच आला. ज्या कड्यावर पालथं झोपून, मित्राला पाय धरायला लावून खाली डोकावलो होतो, पोटात खड्डा पडला होता, तो मावशीच्या लेखी खडीची खाण निघाला. पुढे ती नुसतीच "हं, हं" करत राहिली. मग एका फोटोशी थांबली. तो अगदीच सहज निघालेला. कोकणकडा आत वळलेला आहे, वाटी उभी अर्धी कापावी तसा. त्याच्या एका टोकाला मी होतो आणि दुसऱ्या टोकाला आमच्यातला एक जण लाल टी-शर्टात डबा उघडून बसला होता. फोटोत तो तिळाएवढा. "अगं बाई, तो माणूस आहे होय!" म्हणत मावशीने पडद्याला नाक लावलं आणि मग आधीचे सगळे फोटो पुन्हा दाखवायला सांगितले.

मावशीचं काही चुकलं नव्हतं. चूक असलीच तर थोडी सह्याद्रीची. आपला हा डोंगर म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरलेल्या लाव्ह्याचे थर. 'डेक्कन ट्रॅप' या नावातला 'ट्रॅप' हा शब्दही पायऱ्यांसाठी असलेल्या स्वीडिश शब्दावरून आला. गंमत अशी की या पायऱ्या लहान असोत की मोठ्या, दिसतात सारख्याच. रस्त्याकडेच्या दरडीतली हातभर पायरी आणि कड्यातली दोनशे फुटांची पायरी यांचे फोटो शेजारी ठेवले, तर कुठली कोणती हे सांगता येत नाही. उतारावरची पुरुषभर उंच कारवी लांबून गवतासारखी दिसते. म्हणून तर भूवैज्ञानिक खडकाचा फोटो काढताना शेजारी हातोडा ठेवतात, आणि पुरातत्त्ववाले उत्खननाच्या खड्ड्यात काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची काठी. त्यांना ठाऊक असतं की दगड स्वतःची उंची सांगत नाही.

प्रत्यक्ष कड्यावर आपल्याला ही अडचण येत नाही. मान वळवावी लागते, वारा लागतो, चढून आलेले पाय साक्ष देतात. फोटोत यातलं काहीच उतरत नाही. तिथे माणूस लागतो, आणि तो शोभेसाठी नाही, मोजपट्टी म्हणून.

चिनी चित्रकारांना हे हजार वर्षांपूर्वी कळलं होतं. फान कुआन याचं डोंगर-ओढ्यांतल्या वाटसरूंचं चित्र तैपेईच्या संग्रहालयात आहे. उंची दोन मीटरहून जास्त, आणि बहुतेक सगळी जागा एका अजस्र डोंगराने अडवलेली. अगदी तळाशी, शोधावा लागेल असा, ओझ्याच्या जनावरांचा एक तांडा चाललेला आहे. तो तांडा बोटाने झाकून पाहा, डोंगर तिथल्या तिथे बसतो.

आता मोजपट्टी कुठे ठेवायची? इथेच बहुतेकांचं गणित फसतं, माझंही बरीच वर्षं फसलं. आपण मित्राला म्हणतो, "उभा राहा रे, कडा मागे घेतो." मित्र आपल्यापासून ३ मीटरवर उभा राहतो. समजा मागचा कडा ३०० मीटर उंच आणि आपल्यापासून १ किलोमीटरवर आहे. मित्राची उंची १.७ मीटर धरली, तर फोटोत मित्र कड्याच्या जवळजवळ दुप्पट उंच होतो! कडा त्याच्या कमरेशी लोंबतो. तोच मित्र ३० मीटरवर गेला की कड्याच्या पाचव्या हिश्शाएवढा होतो, आणि ३०० मीटरवर गेला की पन्नासाव्या. थेट कड्यापाशी पोहोचला तर पावणेदोनशेव्या, म्हणजे फोनच्या पडद्यावर दिसेनासाच. मोजपट्टी मोजायच्या वस्तूला जितकी जवळ, तितकं माप खरं, हे शिंप्यालाही माहीत असतं. पण ती दिसलीही पाहिजे. माझ्या अनुभवात विसाव्या ते पन्नासाव्या हिश्शात माणूस बसला की काम होतं. त्याहून बारीक होत असेल तर अख्खा कडा घ्यायचा हट्ट सोडावा आणि माणसाभोवतीचा तेवढाच तुकडा घ्यावा.

या सगळ्या हिशेबात लेन्स कुठेच आली नाही, हे लक्षात आलं का? जवळचं मोठं आणि लांबचं लहान किती दिसेल हे फक्त तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ठरतं. लेन्स त्यातला किती भाग कापून घ्यायचा एवढंच ठरवते. "टेलिफोटोने डोंगर जवळ येतात" असं म्हणतात, ते अर्धंच खरं. टेलिफोटो लावायचा म्हणजे आपण मागे जातो, आणि जादू त्या मागे जाण्यात असते. लेन्सवर पन्नास हजार खर्चण्याआधी पन्नास पावलं खर्चून पाहावीत. (पन्नास हजार खर्चून झाल्यावर सुचलेलं हे शहाणपण आहे.)

दिवे घाटातली ज्ञानेश्वर माउलींची पालखी हे याचं आपल्याकडचं सर्वांत ओळखीचं उदाहरण. पुण्याचा मुक्काम हलवून पालखी सासवडला निघते, तेव्हा घाटाच्या वळणांवर माणसांची नागमोडी रेघ उमटते. रस्त्याच्या कडेला, दिंडीच्या पुढच्या टोकापासून २० मीटरवर उभं राहिलात आणि मागचं टोक ५२० मीटरवर असलं, तर पुढचा वारकरी मागच्याच्या सव्वीसपट मोठा दिसतो. फोटोत चार चेहरे आणि मागे गर्दीचा लगदा. तेच समोरच्या डोंगरावर अर्ध्या किलोमीटरवर गेलात, की पुढचा ५०० आणि मागचा १००० मीटरवर येतो, फरक फक्त दुपटीचा. सगळे वारकरी साधारण एका मापाचे होतात, पांढरी रेघ अखंड दिसते आणि घाट केवढा चढायचाय तेही कळतं. मात्र थेट आकाशातून पाहिलं की हिशेब पुन्हा बदलतो. उद्धव ठाकरे यांच्या 'पहावा विठ्ठल' या छायाचित्रांच्या पुस्तकात हेलिकॉप्टरमधून टिपलेली वारी आहे. तिथे जनसागराचा पसारा जसा दिसतो तसा जमिनीवरून कधीच दिसणार नाही. पण डोक्यावरून पाहिलं की चढ सपाट होतो, हा उंचीचा नियमच आहे. ड्रोनवाल्यांनीही म्हणूनच कधीतरी कॅमेरा तिरका करून पाहावा.

नाशिकजवळच्या हरिहर गडाच्या पायऱ्यांचं उलट. तिथे माणसांची कमतरता नाही, शनिवार-रविवारी रांगच असते. समोरून फोटो काढला की सरळ भिंत दिसते आणि तिच्यावर चिकटलेली माणसं. थरारक वाटतं, पण पायऱ्यांचा खरा कल दिसत नाही. थोडं बाजूला सरकून घ्या. पायरीच्या खोबणीत बोटं अडकवून एक पाय वर उचललेला माणूस आणि त्याच्या पाठीमागे मोकळं आकाश, एवढंच पुरतं. एक माणूस, चाळीस नाहीत.

उभं कसं राहायचं याचेही बारकावे आहेत, पण ते चटकन सांगण्यासारखे. क्षितिजाची रेघ माणसाच्या मानेतून जाऊ देऊ नका, मुंडकं उडवल्यासारखं दिसतं. दोन पावलं खाली उतरा किंवा गुडघ्यावर बसा, डोकं आपोआप आभाळात जातं. दोन पायांमध्ये थोडा उजेड दिसला की लांबूनही तो खांब न वाटता माणूस वाटतो. पावसाळ्याच्या हिरव्यात लाल-पांढरं उठतं, हिरवा रेनकोट गडप होतो. आणि कॅमेऱ्याकडे बघून हसू नका म्हणावं. माणूस दरीकडे बघत असला की बघणाराही दरीकडे बघतो.

कोकणकड्यावर तर कधीकधी निसर्गच हे काम करतो. दरीत धुकं आणि पाठीशी क्षितिजाजवळचा सूर्य असला, की धुक्यावर आपली सावली पडते आणि तिच्या डोक्याभोवती गोल इंद्रधनुष्य दिसतं. हेच ते इंद्रवज्र. कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने इथेच पाहून त्याची नोंद केली. शेजारी दहा जण उभे असले तरी प्रत्येकाला वलय दिसतं ते स्वतःच्याच डोक्याभोवती.

उरली एक गोष्ट, आणि ती माझ्या दृष्टीने लेन्सपेक्षा महत्त्वाची. फोटोसाठी कुणालाही कड्याच्या टोकाशी उभं करू नका. त्याची गरजच नसते. दोनशे मीटरवरून टोकापासून पाच पावलं मागे उभा असलेला माणूसही टोकावरच दिसतो. पावसात तिथला खडक शेवाळतो, सुट्या मातीवर पाय घसरतो. तसंच, भातलावणीत वाकलेल्या बायकांच्या रांगेचा मोह आवरत नसेल, तर आधी बांधावरून हाक मारून विचारा. आणि "जरा पुन्हा वाका" असं सांगू नका. त्यांच्या कमरेला सकाळपासूनचा हिशेब असतो.

आमच्या हरिश्चंद्रगडावर पाचनईचा एक दादा पिठलं-भाकरी देतो. कुठे उभं राहिलं तर धोका नाही हे त्याला पक्कं माहीत, म्हणून येणारा प्रत्येक गट "दादा, जरा तिकडे उभे राहा ना" म्हणून त्यालाच मोजपट्टी करतो. गेल्या वेळी त्याला विचारलं, तर इतक्या वर्षांत त्याच्याकडे स्वतःचे दोन फोटो आले होते. तुमच्या फोटोत असं कुणी उभं असेल, तर खाली उतरण्याआधी त्याचा नंबर घ्या आणि गाडीत बसल्या बसल्या फोटो पाठवून द्या. घरी पोहोचल्यावर राहून जातं.