शिलाई मशिनचं टेन्शन: गैरसमज आणि वस्तुस्थिती

नाशिक जिल्ह्यातलं येवलं म्हणजे पैठणीचं गाव. लग्नसराईत पैठणीचं ब्लाउजपीस शिवायला आलं की नवशिक्या हातांना धास्ती वाटते, कारण रेशमात पडलेलं सुईचं भोक टाका उसवल्यावरही दिसतं. दोऱ्याचं टेन्शन नीट समजलं, तर ही धास्ती उरत नाही.

गैरसमज: कापडाखाली दोऱ्याचं जाळं झालं, म्हणजे बॉबिन बिघडली.
वस्तुस्थिती: दोष बहुतेक वेळा वरच्या दोऱ्याचा असतो. प्रेशर फूट खाली असताना टेन्शनच्या चकत्या मिटलेल्या असतात. तेव्हा ओवलेला दोरा त्यांच्यात बसत नाही, सैल सुटतो आणि खाली गुंता होतो. फूट वर उचलून दोरा पहिल्यापासून ओवा. बॉबिन केसच्या स्क्रूला हात लावायची गरजच पडत नाही.

गैरसमज: टेन्शन जितकं जास्त, तितकी शिलाई पक्की.
वस्तुस्थिती: वरचा आणि खालचा दोरा कापडाच्या मधोमध अडकला, तरच टाका पक्का. वरचा दोरा जास्त ताणला तर शिलाईवर चुण्या पडतात आणि मुंढ्याला ताण बसला की टाके तटकन तुटतात.

गैरसमज: टेन्शनचा डायल ४ वर ठेवला की झालं.
वस्तुस्थिती: ४ ही फक्त सुरुवात. कापड, दोरा किंवा सुई बदलली की टेन्शन पुन्हा तपासावं लागतं. सुती कापडाला चालणारी १४ नंबरची सुई रेशमाला जाड पडते; तिथे ११ नंबरची नवी सुई लावा.

गैरसमज: बॉबिन केसचा स्क्रू फिरवला की सगळं ठीक होतं.
वस्तुस्थिती: तो शेवटचा उपाय. आधी सुई बदला, केसमधला कचरा ब्रशने काढा. मग भरलेली केस दोऱ्याला धरून लोंबकळत ठेवा आणि हलका झटका द्या. ती थोडीशी खाली सरकून थांबली, तर टेन्शन बरोबर आहे. सरसर खाली आली तर सैल, हललीच नाही तर घट्ट. स्क्रू फिरवायचाच झाला तर पाव फेऱ्याहूनही कमी.

ब्लाउजला सुई लावण्याआधी त्याच रेशमाचा तुकडा अस्तरासह घ्या. वर लाल, खाली पिवळा दोरा लावून फूट खाली असतानाच डायल फिरवत शिवून पाहा. खालच्या बाजूला लाल ठिपके दिसले, तर वरचं टेन्शन वाढवा. वर पिवळे दिसले, तर कमी करा. दोन्ही रंग आपापल्या बाजूला राहिले, की ब्लाउज बिनधास्त शिवायला घ्या.