पट्टी हाती, पैसे गावात नाहीत

माझे एक मावसभाऊ संगमनेर तालुक्यातले, प्रवराकाठचे कांदेवाले. त्यांच्या बंडीच्या आतल्या खिशात, प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला एक कागद दोन वर्षे मी पाहत होतो. वाटले, असेल देवाचा अंगारा! निघाली कांद्याची पट्टी. इतक्या गोण्या, इतके वजन, अमुक भाव, हमाली-तोलाई वजा जाता इतके रुपये. आकडे सगळे बरोबर. रुपये तेवढे आले नव्हते.

ही पट्टी कोणत्या बाजारातली ते सांगत नाही. त्या व्यापाऱ्याने गाळा केव्हाच बंद केला आहे.

गंमत अशी की, त्यांचा धाकटा चिरंजीवही लिलावच करतो. पण मोबाईलवर, जुन्या नाण्यांचा. त्यालाही बुडवे गिऱ्हाईक भेटते. रात्री चढाओढीने बोली लावायची आणि सकाळी गप्प बसायचे! पण पोरगा निवांत असतो. 1995 साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबे या लिलावाच्या बाजारात बोली जिंकणाऱ्याने चार दिवसांत पैसे भरले नाहीत तर विकणारा सौदा मोडू शकतो. आपला पोरगाही तेच करतो. नाणे त्याच्या कपाटातच असते. दुसऱ्याला विकले की झाले.

कांद्याला कपाट कोठले? वक्कल पुकारले, बोली लागली, काटा झाला की माल ट्रकात. संध्याकाळी तो कोणत्या राज्याच्या रस्त्याला लागला असेल, देव जाणे. 1930 सालच्या माल विक्रीच्या कायद्याने पैसे न मिळालेल्या विक्रेत्याला माल अडवून धरण्याचा हक्क दिला आहे खरा. पण माल हवाली केला की तो हक्कही त्याच ट्रकात बसून जातो! टोमॅटोवाल्याचे तर विचारूच नका. त्याने माल अडवायचा म्हणजे स्वतःचाच चिखल करून घ्यायचा.

कायदा शेतकऱ्याच्या विरुद्ध आहे असे मात्र नाही. रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरविण्याची हत्ता पद्धत गेली, उघड लिलाव आला. महाराष्ट्राच्या 1963 सालच्या बाजार समिती कायद्याने व्यापाऱ्याला परवाना लागतो. चोवीस तासांत पैसे चुकते करावेत, असा दंडक बाजार समित्या सांगतात. पैसे थकले की त्याच दिवशी समितीकडे लेखी तक्रार द्यावी. परवाना जाण्याची धास्ती व्यापाऱ्याला असते ती गाळा चालू आहे तोवरच.

मावसभाऊंनी तक्रार दिली नाही. ‘रोज तोंड पाहायचे, कशाला वाईटपणा?’ पुढे व्यापाऱ्याने चेक दिला. 2016 च्या नोटाबंदीनंतर बाजारात रोकड आटली आणि चेकांचे पीक आले, त्यातलाच तो. बँकेतून परत आला. आता परत आलेल्या चेकचे कोष्टक वाचकांनी ध्यानात ठेवावे : बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस, ती पोचल्यावर देणाऱ्याला पंधरा दिवसांची मुदत, तरीही पैसे नाहीत, तर पुढच्या महिन्याच्या आत कोर्टात फिर्याद. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भाऊंनी भिडेपोटी दोन महिने वाट पाहिली. वकील म्हणाले, ‘मुदत टळली हो पाटील!’ दिवाणी दावा तीन वर्षांपर्यंत लावता येतो. पण दाव्याचा खर्च ऐकून भाऊ गप्प झाले.

2020 साली नाशिक परिक्षेत्राचे पोलीस महानिरीक्षक प्रताप दिघावकर यांनी शेतकऱ्यांना बुडविणाऱ्या व्यापाऱ्यांच्या मागे पोलीस लावले होते. हा परिक्षेत्र म्हणजे नाशिकबरोबर आपला जिल्हाही आला. मोठमोठी थकबाकीदार मंडळी तेव्हा पैसे घेऊन दारी आली. भाऊंचा सौदा त्यानंतरचा, हे त्यांचे नशीब!

14 एप्रिल 2016 रोजी सुरू झालेल्या ‘ई-नाम’ या राष्ट्रीय बाजाराने बोली पडद्यावर आणली आणि पैसे थेट शेतकऱ्याच्या खात्यात जावेत अशी सोय केली. दूरच्या व्यापाऱ्यालाही त्यात बोली लावता येते. भाऊंना हे पटते. मात्र ज्याचे तोंड पाहिले नाही त्याला कांदा देताना त्यांचा हात अजून आखडतो. तोंड पाहिलेल्याने काय दिवे लावले, हे मी त्यांना विचारले नाही.

यंदा त्यांच्याबरोबर लिलावाला गेलो होतो. बोली लागली, काटा झाला, हमाल गोणीला हात घालणार तोच भाऊ गोणीवर बसले. व्यापारी हसून म्हणाला, “काय पाटील, आता कशाची वाट बघता?”

भाऊंनी खिशातून मोबाईल काढला आणि मांडीवर ठेवला. “हा वाजायची.”