‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’? कायदा काय म्हणतो बघा

परवा आमच्याजवळच्या एका सुपरमार्केटमध्ये एक आजी रव्याचं पाकीट घेऊन आल्या होत्या. तारीख उलटलेली नव्हती, पण आत जाळी आणि अळ्या. काउंटरवरच्या मुलाने मान वर न करता बिलामागच्या ओळीकडे बोट दाखवलं: ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ आजी निमूटपणे वळल्या. मला फार वाईट वाटलं.

ग्राहक हक्क हा माझा आवडीचा विषय, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहितोय.

🔹 ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष माल बिलावर लिहिलेल्या मुदतीत परत न घेणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत लिहिलेली नसेल, तर ३० दिवस धरायचे.

🔹 बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. बिल मागून घ्याच.

🔹 छापील एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. त्यावर एक रुपयाही जास्त द्यायचा नाही.

तक्रार कशी करायची?

पाकीट, बॅच नंबर आणि बिलाचा फोटो काढा. आधी मॅनेजरला शांतपणे, शक्यतो लेखी सांगा. दाद दिली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा. मराठीतही बोलता येतं.

तरीही नाही जमलं, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

तुमचा काही अनुभव किंवा शंका असेल तर खाली लिहा. माहीत असेल ते नक्की सांगेन.